अन्नाची कालमर्यादा : एक ऐतिहासिक मागोवा

सकाळची वेळ असते. आदल्या रात्रीच्या भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलले जाते, घरातील जाणती स्त्री वाकून वास घेते, दोन शिते बोटांत चिरडून पाहते आणि निर्णय देते. भात चांगला असेल तर फोडणी पडते, विटला असेल तर तो गाईपुढे जातो. महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत हा प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या घडत आला आहे. त्यामागे दोन संस्कार उभे असतात. अन्न टाकणे हे पाप, हा एक आणि खराब अन्न कुणाच्या पानात वाढणे हे त्याहून मोठे पाप, हा दुसरा. या दोहोंच्या मधोमध उभे राहून करावयाचा हा निर्णय वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु तो कशाच्या आधारे करावा, हे निश्चित करण्यास मानवजातीला फार मोठा काळ लागला आहे.

नाकाची साक्ष

अन्न बिघडले की नाही हे ओळखण्याची माणसाची सर्वांत जुनी साधने म्हणजे नाक, डोळे आणि जीभ. मराठी भाषेतच याची साक्ष सापडते. दूध नासते, भाजी विटते, डाळ आंबते, पोळीला तार सुटते, लोणच्यावर बुरशी चढते, तेल खवट होते. प्रत्येक पदार्थाच्या बिघाडाला वेगळे क्रियापद आहे, कारण प्रत्येक बिघाड इंद्रियांना वेगळा जाणवतो. ही शब्दसंपत्ती म्हणजे शेकडो वर्षांच्या निरीक्षणाचा ठेवा होय.

तथापि, प्राचीन भारतीय विचारात इंद्रियांच्या साक्षीला आणखी एका साक्षीची जोड मिळालेली दिसते. ती साक्ष काळाची. संस्कृतातील 'पर्युषित' म्हणजे रात्र उलटून गेलेले अन्न. 'यातयाम' म्हणजे ज्यावरून एक याम, अर्थात एक प्रहर, निघून गेला आहे असे अन्न. या दोन्ही शब्दांत वासाचा वा चवीचा उल्लेख नाही. किती वेळ गेला, एवढाच प्रश्न त्यांत आहे.

शास्त्रकारांचे घड्याळ

काळाच्या या प्रश्नाचा सर्वाधिक सूक्ष्म विचार जैन आचारपरंपरेने केला. त्याचे मूळ आरोग्यविचारात नसून अहिंसेत आहे. दशवैकालिक सूत्रात त्रस जीवांचे प्रकार सांगताना अंडज, जरायुज इत्यादींबरोबर 'रसज' जीवांचा उल्लेख येतो. रसयुक्त पदार्थांत जीव उत्पन्न होतात. म्हणून असे पदार्थ सेवन करणे म्हणजे त्या जीवांची हिंसा करणे, ही त्यामागील धारणा. यावरूनच पुढे 'चलित रस', म्हणजे ज्याचे रूप, रस, गंध बदलले आहेत असे अन्न, बावीस अभक्ष्यांमध्ये गणले गेले.

बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी गुजरातचा राजा कुमारपाल याच्यासाठी योगशास्त्राची रचना केली. त्याच्या तिसऱ्या प्रकाशात श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पदार्थांची गणना आहे. कच्च्या गोरसात मिसळलेले द्विदल धान्य, दोन दिवस उलटून गेलेले दही, कुजलेले अन्न आणि 'पुष्पित ओदन' असे पदार्थ त्यात एकत्र येतात. पुष्पित ओदन म्हणजे फुललेला भात, अर्थात ज्यावर बुरशीची फुले आली आहेत असा भात. पुढच्या शतकात पंडित आशाधरांनी सागारधर्मामृताची रचना केली. त्यात सर्व प्रकारची लोणची, दोन दिवसांचे दही-ताक आणि बुरशी आलेली कांजी यांचा त्याग सांगितला असून त्यांचे सेवन हा मद्यत्यागाच्या व्रतातील दोष मानला आहे. लोणचे, शिळे ताक आणि मद्य यांना एका माळेत ओवणारी ही दृष्टी लक्षणीय आहे. या सर्वांत एकच क्रिया, आंबण्याची क्रिया, चाललेली असते हे तिने हेरले होते.

पुढे व्यवहारासाठी या तत्त्वाची कोष्टके झाली. प्रहर म्हणजे तीन तास. दिगंबर परंपरेत प्रचलित असलेल्या मर्यादेनुसार वरण, भात, खिचडी, कढी यांना दोन प्रहर, म्हणजे सहा तास. वेळेत तापविलेल्या दुधाला आठ प्रहर, म्हणजे एक अहोरात्र. दळलेल्या पिठाला हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस. श्वेतांबर परंपरेत मिठाईला हिवाळ्यात तीस, उन्हाळ्यात वीस आणि पावसाळ्यात पंधरा दिवस मानले जातात. उकळलेल्या पाण्यालाही ऋतूनुसार निरनिराळी मर्यादा आहे. आम्नायानुसार आकडे बदलतात, परंतु दोन गोष्टी सर्वत्र समान आढळतात. पहिली अशी की, पावसाळ्याची मर्यादा नेहमी सर्वांत कमी. दुसरी अशी की, मर्यादा संपल्यावर अन्नाला वास आला आहे काय, हा प्रश्न विचारलाच जात नाही. वेळ झाली, की पदार्थ वर्ज्य.

युरोपातील शोधयात्रा

अन्न का बिघडते, या प्रश्नाचा प्रायोगिक शोध युरोपात सतराव्या शतकात सुरू झाला. इटलीतील फ्रान्चेस्को रेडी याने १६६८ मध्ये उघड्या आणि झाकलेल्या भांड्यांतील पदार्थांची तुलना करून दाखविले की, कुजणाऱ्या पदार्थातील अळ्या आपोआप जन्मत नाहीत. माश्यांनी घातलेल्या अंड्यांतून त्या येतात. हॉलंडमधील लेव्हेनहूक याने १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठविलेल्या पत्रात, स्वतः घासलेल्या भिंगांतून दिसलेल्या अतिसूक्ष्म जीवांचे वर्णन केले. ते जीव आणि अन्नाचा बिघाड यांचा संबंध मात्र आणखी दीडशे-दोनशे वर्षे स्पष्ट व्हावयाचा होता.

दरम्यान, कारण ठाऊक नसतानाच उपाय सापडला. फ्रान्समधील निकोला आपेर या हलवायाने काचेच्या बरण्यांत अन्न भरून, त्या घट्ट बंद करून उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत शोधली. अन्न महिनोन्‌महिने टिकू लागले. १८१० मध्ये फ्रेंच शासनाने त्याला बारा हजार फ्रँकचे पारितोषिक दिले आणि त्याच वर्षी त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. अन्न का टिकते, याचे खरे उत्तर मात्र त्याच्यापाशी नव्हते. ते पुढे लुई पाश्चर यांनी दिले. हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत उकळून ठेवलेला रस्सा हवा आत येत असूनही बिघडत नाही, कारण हवेतील धुळीबरोबर येणारे सूक्ष्मजंतू त्या वळणात अडकतात, हे त्यांनी १८६० च्या सुमारास सिद्ध केले.

आता प्रश्न सुटला असे वाटावे, तोच एका नव्या गैरसमजाने मूळ धरले. इटालियन रसायनशास्त्रज्ञ सेल्मी याने १८७० च्या दशकात कुजणाऱ्या प्रेतांतील द्रव्यांना 'टोमेन' हे नाव दिले. अन्न कुजताना निर्माण होणारी ही दुर्गंधी द्रव्येच विषबाधा करतात, असे डॉक्टर आणि सामान्य जन दोघेही मानू लागले. विसाव्या शतकाची दोन-तीन दशके उलटेपर्यंत अन्नातून झालेल्या कोणत्याही बाधेला 'टोमेन विषबाधा' म्हटले जाई. या समजुतीचा अर्थ सरळ होता. विष म्हणजे दुर्गंध. दुर्गंध नाही तर विष नाही. नाकाच्या साक्षीवर विज्ञानानेच जणू शिक्कामोर्तब केले.

नाक जेथे हरले

हा समज मोडून काढणाऱ्यांत मार्शल बार्बर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. फिलिपीन्समध्ये काम करीत असताना एका शेतावरील दूध घेतल्यावर आपणांस वारंवार उलट्या-जुलाब होतात, असे त्यांच्या लक्षात आले. गाय निरोगी दिसत होती. ताजे दूध प्यायल्यास काहीच होत नसे. तेच दूध काही तास उष्ण हवेत तसेच राहिले की बाधा होई. बार्बर यांनी स्वतःवरच प्रयोग करून, गाईच्या कासेतून आलेले स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू त्या अवधीत दुधात वाढतात आणि विष निर्माण करतात, हे १९१४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याकडे तेव्हा फारसे लक्ष गेले नाही. १९३० मध्ये शिकागोत गेल डॅक यांनी केकमुळे झालेल्या विषबाधेच्या तपासात तेच पुन्हा सिद्ध केले. हे विष उकळण्यानेही सहजी नष्ट होत नाही. अन्न पुन्हा गरम केले म्हणजे शुद्ध झाले, या सार्वत्रिक समजुतीला हा पहिला धक्का होता.

दुसरा धक्का नॉर्वेतून आला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ओस्लो येथे, आदल्या दिवशी करून ठेवलेल्या व्हॅनिलाच्या गोड सॉसमधून अनेकांना बाधा झाली. त्या सॉसची चव, वास आणि रूप नेहमीसारखेच होते. स्टाइनर हाउगे या शास्त्रज्ञाने त्यातील 'बॅसिलस सेरियस' हा जंतू वेगळा काढला, तो वाढविलेला सॉस स्वतः प्राशन केला आणि काही तासांनी तोही आजारी पडला. या जंतूचे बीजाणू पिष्टात, धान्यात, मातीत सर्वत्र असतात आणि शिजविण्याच्या उष्णतेतूनही जिवंत राहतात.

१९७१ नंतर ब्रिटनमध्ये याच जंतूने भाताचे रूप घेतले. चिनी पद्धतीच्या उपाहारगृहांत भात मोठ्या प्रमाणावर शिजवून रात्रभर बाहेर ठेवला जाई, कारण शीतकपाटात ठेवल्यास त्याची शिते चिकटत. सकाळी तो परतून वाढला जाई. तो खाल्ल्यावर थोड्याच तासांत उलट्या सुरू झाल्याच्या घटना एकामागून एक नोंदल्या गेल्या. शिजल्यावर वाचलेले बीजाणू कोमट भातात उगवतात, वाढतात आणि असे विष सोडतात की जे परतण्याच्या आचेत टिकून राहते. मराठी घरातील फोडणीचा भात आणि हा परतलेला भात यांत तत्त्वतः काय अंतर आहे? झाकण उचलून घेतलेल्या वासाने ज्याविषयी काहीच कळत नाही, असा हा धोका आहे.

पश्चिम भारतातील एक दुःखद अध्याय

हेमचंद्राचार्यांनी ज्याला 'पुष्पित' म्हटले, त्या बुरशीची कथा याहून करुण आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात दगावले. त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीतून आलेले विष त्यास कारण होते. त्याला 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव मिळाले. चौदा वर्षांनी ते माणसांच्या मुळावर आले आणि तेही भारतात. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या परिसरातील आदिवासी गावांत कावीळ आणि पोटात पाणी होण्याच्या विकाराची साथ पसरली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास केला. अवकाळी पावसात भिजलेला मका नीट न वाळता साठविला गेला होता, त्यावर बुरशी आली होती आणि तोच अन्न म्हणून खाल्ला गेला होता. ३९७ रुग्णांपैकी १०६ जण मृत्युमुखी पडले.

त्या कुटुंबांना मक्यावरची बुरशी दिसली नसेल असे नाही. परंतु घरात दुसरे धान्य नव्हते. अन्न टाकावे की खावे, हा निर्णय केवळ ज्ञानाचा नसतो, तो परिस्थितीचाही असतो, हे त्या साथीने दाखवून दिले. अफ्लाटॉक्सिन शिजविल्याने नाहीसे होत नाही आणि वरची बुरशी खरवडून काढल्याने आतले विष जात नाही.

दोन तासांचा नियम

या सर्व अनुभवांतून अन्नसुरक्षेच्या आधुनिक विचाराने नाकाची साक्ष बाजूला ठेवून तापमान आणि काळ यांचा आधार घेतला. अनुकूल स्थितीत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. या गतीने एका जंतूचे दोन तासांत ६४ होतात, तर सहा तासांत २,६२,१४४. प्रारंभीचा काळ जवळजवळ निर्धोक आणि नंतरचा एकाएकी घातक का ठरतो, हे या गणितावरून ध्यानात येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये प्रसृत केलेल्या 'सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रां'त म्हणूनच असे सांगितले आहे की, शिजविलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये. गरम ठेवावयाचे तर ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ठेवावयाचे तर ५ अंशांच्या खाली ठेवावे.

थंड ठेवण्याची सोय ही मुळात अलीकडची. अमेरिकेतील तळ्यांचे बर्फ जहाजात भरून १८३३ मध्ये कोलकात्यास आले, ते श्रीमंतांच्या मेजवानीपुरतेच. गोदरेजने १९५८ मध्ये भारतात शीतकपाट तयार केले, तरी सामान्य घरात ते पोहोचण्यास अनेक दशके लागली. शिवाय, शीतकपाट जंतूंची वाढ मंदावते. त्यांना मारीत नाही आणि आधीच तयार झालेले विष काढून घेत नाही. चार तास ओट्यावर राहिलेला भात त्यात ठेवल्याने ते चार तास पुसले जात नाहीत.

साम्य आणि भेद

येथे एक मोह टाळावयास हवा. प्राचीन आचार्यांना जंतुशास्त्र अवगत होते, असा दावा अनेकदा केला जातो. त्याने परंपरेचा गौरव होत नाही. रसज वा संमूर्च्छिम जीवांची शास्त्रीय संकल्पना आणि सूक्ष्मजीवशास्त्रातील जंतू या दोन वेगळ्या विचारविश्वांतील गोष्टी आहेत. पहिलीचा हेतू जीवरक्षा, दुसरीचा हेतू आरोग्यरक्षा. निष्कर्षही सर्वत्र जुळत नाहीत. आंबट दही वा मुरलेले लोणचे परंपरेने वर्ज्य मानले. विज्ञानाच्या मते त्यांतील आम्लता आणि मीठ बहुतेक घातक जंतूंना रोखतात. उलट, वरण-भाताची सहा तासांची मर्यादा आधुनिक दोन तासांपेक्षा मोठी आहे. म्हणून ती पाळणाऱ्याने, विशेषतः उन्हाळ्यात आणि मोठ्या पातेल्यांच्या बाबतीत, अधिक सावध राहणेच श्रेयस्कर.

साम्य आहे ते प्रश्नाच्या मांडणीत. पावसाळ्यात पिठाला तीनच दिवस का, याचे एक उत्तर ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ स्कॉट यांनी १९५३ मध्ये दिले. पदार्थात एकूण पाणी किती, यापेक्षा जंतूंना उपलब्ध होणारे पाणी किती, यावर त्यांची वाढ अवलंबून असते आणि दमट हवेत कोरडा पदार्थ ते पाणी शोषून घेतो. ऋतू पाहून मर्यादा बदलणाऱ्या गृहिणींनी आणि शास्त्रकारांनी हे कारण न जाणताही त्याचा परिणाम अचूक पाहिला होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्यांनी निर्णय भुकेच्या, मोहाच्या वा काटकसरीच्या क्षणावर सोडला नाही. पातेले समोर असताना माणूस स्वतःला सहज फसवतो. 'अजून चांगले आहे' असे म्हणावेसे वाटते. आधी ठरवून दिलेली मर्यादा त्या क्षणी त्याच्या वतीने निर्णय घेते. व्रत आणि अन्नसुरक्षेचा नियम यांचे नाते येथे जुळते.

सामुदायिक भोजन आणि दानाचा विवेक

घरातील पातेल्यापेक्षा भोजनशाळेतील हंड्याचा विचार अधिक गंभीरपणे करावा लागतो. स्वामीवात्सल्य असो, पारणे असो वा महोत्सवातील भोजन असो, शेकडो माणसांसाठी शिजविलेले अन्न मोठ्या भांड्यांत असते. अशा भांड्याचा मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो आणि कोमटपणाच जंतूंना सर्वाधिक मानवतो. ते अन्न गार करावयाचे तर उथळ परातींत पसरावे, गरम ठेवावयाचे तर खरोखर गरम ठेवावे आणि ते केव्हा शिजले याची वेळ कोणीतरी लिहून ठेवावी. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याच्या आणि रात्र उलटलेले अन्न न घेण्याच्या शिस्तीमुळे जैन पंगतींत शिळेपणाचा प्रश्न मुळातच मर्यादित राहिला आहे. ही शिस्त संख्या वाढली, घाई वाढली, तरी सैल होऊ नये.

राहता राहिला उरलेल्या अन्नाचा प्रश्न. पंगत उठल्यावर उरलेले अन्न वस्तीत पाठविण्याची रीत करुणेतून आली आहे आणि ती स्तुत्य आहे. परंतु दुपारी शिजलेले अन्न रात्री दारोदार पोहोचले, तर त्या करुणेचा शेवट काय होईल? घेणारा ते नाकारू शकत नाही. बांसवाड्याच्या त्या कुटुंबांप्रमाणे त्याच्यापाशीही निवड नसते. म्हणून निवड करण्याची जबाबदारी संपूर्णपणे देणाऱ्यावर येते. जे अन्न मर्यादा संपली म्हणून श्रावक आपल्या पानात घेणार नाही, ते दुसऱ्याच्या पानात वाढणे हे दान ठरत नाही. पंगत बसतानाच उरण्याचा अंदाज घ्यावा, वाढपाला हात न लागलेले अन्न आधीच बाजूला काढावे आणि ते गरम असतानाच गरजूंपर्यंत पोहोचवावे. अन्न वाया न घालविण्याचा आणि अन्नाने कुणाला अपाय न करण्याचा, असे दोन्ही धर्म एकाच वेळी पाळण्याचा हाच मार्ग आहे.

झाकण उचलून वास घेणारी ती जाणती स्त्री चुकत नव्हती. तिच्या हाती असलेले साधन अपुरे होते. नाकाला जे सांगता येत नाही, ते घड्याळ सांगते. शास्त्रकारांनी प्रहर मोजले, शास्त्रज्ञांनी अंश आणि मिनिटे मोजली. पुढच्या पिढीने त्या पातेल्याजवळ उभे राहून आधी विचारावयाचा प्रश्न एकच आहे : हे अन्न शिजून किती वेळ झाला?